दुसरा रपाटा

रपाटे हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या केंद्रात दाखल झालेली मुलं पहिल्याच आठवड्यात रजेचा अर्ज 'माननीय रपाटे सर' यांच्या नावे लिहीत, आणि सर तो अर्ज त्याच नावाखाली मंजूर करत. खरं आडनाव सांगून उगाच ओळख वाढवण्यात त्यांना रस नसावा.

बावीस वर्षं ते शिकवत होते. या बावीस वर्षांत त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने विमान पाडलं नव्हतं, आणि एकही विद्यार्थी न सुजता बाहेर पडला नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं सर मानत, केंद्राचे संचालक मानत, आणि विशेष म्हणजे सुजलेले विद्यार्थीही मानत. मोठ्या कंपन्यांत लागलेले जुने विद्यार्थी सुट्टीत भेटायला आले की कोणाला किती पडले याच गप्पा रंगत. एकाने लग्न झाल्यावर बायकोला मुद्दाम आणून दाखवलं होतं की याच शेडमध्ये माझ्या करंगळीचं हाड मोडलं. बायकोने शेड कौतुकाने पाहिली.

जमिनीवर त्यांचं हत्यार म्हणजे टाकीतलं इंधन मोजायची लाकडी पट्टी. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून एकेक भाग हाताने तपासायचा असतो. टाकीचं झाकण विसरलं तर पट्टी बोटांच्या पेरांवर एकदा बसे, चाकाची हवा विसरली तर दोनदा, आणि न बघताच 'सगळं बघितलं सर' असं म्हटलं तर मोजदाद नसे. वर्षाला एक पट्टी मोडे. विमानांची दुरुस्ती करणारा मिस्त्री नवी करून देई आणि तिच्यावर खुणा कोरता कोरता विचारी की लिटर कोरू, की विद्यार्थी?

हवेत पट्टी फिरवायला जागा नसते. तिथे हात. शिकवण्याच्या लहान विमानात दोघं खांद्याला खांदा लावून बसतात, विद्यार्थी डावीकडे आणि शिकवणारा उजवीकडे. दोघांपुढे एकेक स्टिअरिंग असतं आणि ती दोन्ही आतून जोडलेली असतात; एकाने ओढलं की दुसऱ्याचंही मागे येतं. म्हणून या घडीला विमान कोणाच्या ताब्यात आहे, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असावं लागतं. बाकीचे लोक हे तोंडाने सांगतात. एकाने म्हणायचं, कंट्रोल माझ्याकडे. दुसऱ्याने म्हणायचं, कंट्रोल तुमच्याकडे. रपाटे सरांना हा पाहुण्यांचा निरोप घेण्याचा प्रकार वाटे. त्यांची पद्धत सुटसुटीत होती. उजव्या खांद्यावर एक रपाटा बसला की विद्यार्थ्याने दोन्ही हात वर घ्यायचे, पाय पेडलवरून काढायचे, विमान सरांचं. दुसरा रपाटा बसला की परत धरायचं. मधल्या काळात आभाळ कोसळलं तरी हात खाली आणायचा नाही.

त्यांच्या तोंडावर विसंबण्यात अर्थही नव्हता, कारण ते इंजिनाबरोबर सुरू होई आणि इंजिनाबरोबरच बंद पडे. गाढवा, हातगाडी ढकलतोयस का, तुझ्या बापाने वाळत टाकलंय का हे विमान, अशा ओघात एखादी कामाची सूचना आली तरी ती वेगळी काढणं कठीण. शिवाय पहिल्याच आठवड्यात सर एक परीक्षा घेत. खांद्यावर एक रपाटा हाणत आणि मग जिवाच्या आकांताने ओरडत की अरे धर, धर, पडतंय! नवखा पोरगा अर्थातच धरायचा. त्यावर त्याला चार बसत. घाबरलेल्या माणसाचं तोंड काहीही बोलतं, हात खोटं बोलत नाही, असा त्यामागचा विचार होता. पोरं हा धडा पुन्हा विसरत नसत.

सरांना स्वतःला ज्या गुरूने शिकवलं, त्याने एका चुकलेल्या वळणावर त्यांच्या उजव्या कानाचा पडदा फाडला होता. त्या कानाने पुढे कधी ऐकू आलं नाही, पण वळणही पुढे कधी चुकलं नाही. हा सौदा सर फायद्याचा समजत.

केंद्रात दुसरे एक शिकवणारे होते. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मुलं त्यांना अंगाई सर म्हणत. ते कोणाला बोटही लावत नसत. त्यांच्या मुलांनी पाच वर्षांत दोन विमानं मोडली होती, आणि एकजण तर धावपट्टीऐवजी शेजारच्या रस्त्यावर उतरला होता. अंगाई सर त्याला म्हणाले, असू दे, रस्ताही सरळच होता. त्यामुळे मारणं वाईट असं कोणी म्हणू लागलं, की संचालक त्या रस्त्याकडे बोट दाखवत.

घरी रपाटे सर आवाजसुद्धा चढवत नसत. त्यांची बायको सांगे की ह्यांना डास मारायला सांगितलं तर हे खिडकी उघडून देतात.

अशा माणसाच्या हाताखाली त्यांची सख्खी भाची शिकायला आली. भाचीची आई, म्हणजे सरांची थोरली बहीण, इस्पितळात नर्स होती. मुलीला सोपवताना ताईने एवढंच बजावलं होतं की आपलं माणूस म्हणून सवलत देऊ नकोस. बहिणीचा शब्द सरांनी मनापासून पाळला. इतरांना दोन पडत तिथे भाचीला तीन पडू लागले. घरी मामा आणि मैदानावर सर, हा भेद तिने पहिल्याच दिवशी आत्मसात केला. तिसऱ्या दिवशी तिचा उजवा खांदा निळा झाला, महिन्याभरात जांभळा, आणि पुढे त्याला कायमचा असा एक रंग आला की ज्याला नाव नाही.

केंद्राचा नियम असा होता की चाळीस तासांच्या उड्डाणात ज्याला एकट्याने उडायची परवानगी मिळणार नाही, त्याचं नाव कमी. बरीचशी मुलं अठराव्या-विसाव्या तासाला एकटी उडत. भाचीचे चौतीस तास झाले होते आणि मामा सही करायला तयार नव्हता.

चूक काय, असं संचालकांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले की चूक काहीच नाही. वेग बरोबर, उंची बरोबर, उतरणं बरोबर. पण काहीही करण्याआधी पोरगी उजवीकडे बघते. माझ्याकडे. मी विमानात नसेन तेव्हा ती कोणाकडे बघणार?

मिस्त्री तिथेच चाकाला ग्रीस लावत होता. तो मान वर न करता म्हणाला, "मारणाऱ्याकडे बघायचं नाही तर कोणाकडे बघायचं, सर? मांजरसुद्धा बघतं."

सरांनी त्याच्या पाठीत पट्टी घातली. मिस्त्रीने ग्रीस लावणं चालू ठेवलं.

ताईला खांदा दिसला नव्हता असं नाही. सीटचा पट्टा घासतो, असं मुलीने सांगितलं. ताईने वॉर्डात तीस वर्षं पट्ट्याने घासलेले, जिन्यावरून पडलेले आणि दारावर आपटलेले लोक बघितले होते, आणि त्यातल्या किती जणांचं दार खरं होतं हेही तिला माहीत होतं. तिने मलम दिलं आणि भावाला फोन केला. मलम संपलं की कळवीन, एवढंच बोलून तिने फोन ठेवला. सरांना त्या फोनचा अर्थ नीट लागला नाही.

आता त्या विमानाच्या उजव्या सीटविषयी. ही सीट दोन रुळांवर पुढेमागे सरकते आणि हवी तिथे एका पिनेने अडकते. ती पिन खाचेत नीट बसत नाही, असं मिस्त्रीने दुरुस्तीच्या वहीत तीनदा लिहिलं होतं. सरांनी तिन्ही वेळा सीटला बुटाची टाच हाणली, खट् असा आवाज आला, आणि ते म्हणाले, बसली. त्यांच्या अनुभवात टाच हाणल्यावर न बसलेली वस्तू अजून निघाली नव्हती.

पस्तिसाव्या तासाच्या सकाळी भाचीने विमानाभोवतीची फेरी बिनचूक पूर्ण केली. आगाऊ म्हणून एक खाल्ला. धावपट्टीवर वेग घेतला, नाक उचललं, विमान चढू लागलं. सरांचा उजवा हात सवयीने त्यांच्या स्टिअरिंगवर हलकाच टेकलेला होता. चारशे फुटांवर पिन सुटली.

चढत्या विमानात मागची बाजू म्हणजे खालची बाजू. सीट सरांना घेऊन रुळांवरून सुसाट मागे गेली. जाताना त्यांनी दोन गोष्टी केल्या, ज्या कोणीही केल्या असत्या. उजव्या हाताने स्टिअरिंग धरून ठेवायचा प्रयत्न केला, त्यामुळे ते ओढलं गेलं आणि विमानाचं नाक आभाळाकडे उभं राहिलं. डाव्या हाताने जे मिळेल ते पकडायला झडप घातली, आणि तो हात सगळ्या वजनानिशी भाचीच्या उजव्या खांद्यावर आदळला. मग दोन्ही सुटलं, सैल बांधलेल्या पट्ट्यातून सर निसटले आणि मागच्या सामानाच्या जागेत उताणे जाऊन पडले.

भाचीच्या बाजूने पाहिलं तर काय घडलं? सरांनी नाक ओढलं आणि रपाटा मारला. म्हणजे विमान सरांनी घेतलं. तिने दोन्ही हात वर केले, पाय पेडलवरून काढले आणि दुसऱ्या रपाट्याची वाट बघू लागली.

कानावरच्या हेडफोनमध्ये सर ओरडत होते. धर, अगं धर, पडतंय! हे तिने पहिल्या आठवड्यातच ऐकलं होतं आणि त्याबद्दल चार खाल्ले होते. या वेळी ती फसली नाही.

विमानाचा वेग संपला. वेग संपत आल्याचा इशारा देणारा पंखातला भोंगा आधी कुरकुरला आणि मग किंचाळायला लागला. डावा पंख खाली गेला. डाव्या खिडकीत आभाळ होतं तिथे कुंपण आलं, मग झाडांचे शेंडे आले, मग माती आली आणि ती मोठी होऊ लागली. भाचीचे हात वरच होते. सात सेकंद असे गेले. बावीस वर्षांत सरांचं शिकवणं इतकं तंतोतंत कोणी पाळलं नव्हतं.

मग ती नेहमीसारखी उजवीकडे बघायला वळली. उजवीकडे सर नव्हते. सीटही नव्हती.

तिने धरलं. कोणी न सांगता, खांद्यावर काहीही न बसता धरलं. नाक खाली ढकललं, उजवा पाय पूर्ण दाबला, पंख जेमतेम सरळ केले, आणि नाक पुन्हा उचलायला जेवढी उंची लागते तेवढी शिल्लक उरली नव्हती. विमान कुंपणापलीकडच्या ओसाड जमिनीवर आपटलं. पुढचं चाक तुटलं, पंखा मातीत रुतून वाकला, शेपटी डोक्यावरून पुढे आली आणि विमान पाठीवर पडलं. काचा फुटून आत आल्या. त्यानंतर फक्त इंधनाचा ठिबक ठिबक आवाज राहिला.

भाची पट्ट्याला उलटी लटकत होती. तिने बकल सोडलं आणि डोक्यावर पडली. भुवई उघडी फाटली होती. सर मागे छताच्या बाजूला मुरगळून पडले होते आणि त्यांचा डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला गेला होता. ती रांगत त्यांच्यापर्यंत पोचली आणि त्यांना ओढू लागली, तेव्हा त्यांनी उरलेल्या चांगल्या हाताने तिला फाडकन मारली.

"सोडलंस का?" ते ओरडले. "सोडलंस का गं?"

पहिली थप्पड तिने खाल्ली. दुसरीसाठी त्यांनी हात उगारला, आणि भाचीने मामाच्या तोंडावर मूठ हाणली. समोरचे दोन दात गेले. मग तिने त्यांची कॉलर धरून त्यांना फुटलेल्या काचेतून, मोडक्या हातासकट, रक्त सांडत तीसएक पावलं फरफटत नेलं. ते कळवळत होते आणि ती ओढत होती. एकतिसाव्या पावलाला मागे भप्प असा आवाज झाला आणि दोघांच्याही पाठी भाजल्या.

इस्पितळात ताईचीच ड्यूटी होती. तिने आधी मुलीची भुवई पुसली. मग भावाच्या पाठीवरचे फोड साफ केले, तोंडातलं रक्त टिपलं, हात प्लास्टरसाठी सरळ धरून ठेवला. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, हलक्या हाताने. डॉक्टर सही करून बाहेर गेले. ताईने दार लोटलं, हातमोजे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि भावाच्या चांगल्या कानाखाली अशी वाजवली की शेजारच्या खोलीतल्या पेशंटने घंटी दाबली.

"पोर शिकवायला दिली होती," ती म्हणाली. "बडवायला नाही."

सरांनी आपोआप हात वर केले होते. एक प्लास्टरमध्ये होता, तोही. आपण असे का बसलो आहोत हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला, आणि लक्षात आल्यावर ते हात खाली कसे आणावेत हे त्यांना कळेना. ताईनेच ते धरून खाली ठेवले.

चौकशी झाली. अधिकाऱ्याने दोघांना वेगवेगळं बोलावून एकच प्रश्न विचारला, विमान कोणाकडे होतं? सर म्हणाले, तिच्याकडे. भाची म्हणाली, सरांकडे. एकजण खोटं बोलतंय असं समजून अधिकाऱ्याने दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी त्याला उमगलं की सात सेकंद विमान कोणाकडेच नव्हतं आणि दोघंही खरं बोलत होते. सर ओरडून सांगत होते तरी धरलं का नाही, असं त्याने भाचीला विचारलं.

"दुसरा रपाटा बसला नव्हता," भाची म्हणाली.

"मग शेवटी का धरलंत?"

"शेजारी कोणी नव्हतं."

टंकलेखकाने मान वर करून विचारलं की रपाटा कसा लिहू? बऱ्याच विचाराअंती 'प्रशिक्षकाची स्पर्शाद्वारे दिलेली सूचना' असं लिहिलं गेलं. ते मिस्त्रीच्या वाचनात आल्यावर तो दोन दिवस आपल्या पाठीला हात लावून, मलाही बऱ्याच सूचना मिळाल्या आहेत, असं ज्याला त्याला सांगत होता.

सरांचा परवाना तीन महिने बंद राहिला. परत मिळाला तो एका लेखी अटीवर. ताब्याची देवाणघेवाण तोंडाने करायची, आणि विद्यार्थ्याला हात लावायचा नाही. त्या आठवड्यात त्यांच्या बायकोने त्यांना न्हाणीघराच्या आरशासमोर, नव्या दातांतून, 'कंट्रोल माझ्याकडे' असं पुन्हा पुन्हा म्हणताना पकडलं. तिने बाहेरूनच विचारलं की कशाचा?

मधल्या काळात अंगाई सरांनी भाचीला निरोप पाठवला होता की माझ्याकडे ये, एका दिवसात एकटी सोडतो. पाचच तास उरले होते. ताईला हे पटलं. भाचीला नाही.

"अंगाई सर कोणालाही सोडतात," ती आईला म्हणाली. "मामा सोडेल तेव्हा मला येतं."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर नाव कमी."

ताईने तिच्या भुवईवरचे टाके बोटाने चाचपले आणि मलम कपाटात आहे असं सांगितलं.

छत्तिसाव्या तासाला सर विमानात चढले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. तोंडाला आता किंमत आली होती, त्यामुळे ते जपून वापरणं भाग होतं. सर एक शब्द बोलेनात. इंजिन चालू आणि सर गप्प, हा प्रकार भाचीला इतका भयंकर वाटला की तिने पहिलंच उतरणं तीन टप्पे खाऊन केलं. सरांनी ओठ चावला. शर्टावर रक्ताचे थेंब पडले. सदतिसाव्या तासाला ती वळण उशिरा घेऊ लागली, तेव्हा त्यांनी एक हात बाहेर काढला आणि स्वतःच्याच मांडीवर असा हाणला की उतरल्यावर ते लंगडत शेडपर्यंत गेले. भाची अजून उजवीकडे बघत होती. आठवड्यात तिचं तिकडे बघणं कमी झालं होतं, पण थांबलं नव्हतं. अडतिसावा तासही तसाच गेला.

एकोणचाळिसाव्या तासाला धावपट्टी सोडल्याबरोबर सरांनी मान फिरवली आणि ते उजव्या खिडकीबाहेर बघत बसले. चढताना बघत बसले, वळणांवर बघत बसले, उतरताना जमीन जवळ आली तरी बघत बसले. भाचीने वळून पाहिलं तेव्हा तिला त्यांच्या डोक्याची मागची बाजू दिसली. त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. ती पुन्हा समोर बघू लागली. दुसऱ्या फेरीला तिने एकदाच वळून पाहिलं. तिसऱ्या फेरीला पाहिलंच नाही. तेव्हा मांड्यांखालच्या सरांच्या हातांची नखं कातड्यात रुतली होती.

धावपट्टीच्या कडेला त्यांनी विमान थांबवायला सांगितलं, पट्टा सोडला आणि दार उघडलं.

"कंट्रोल तुझ्याकडे," ते म्हणाले.

"कंट्रोल माझ्याकडे," भाची म्हणाली. सर उतरले.

ती एकटी वर गेली. सर मिस्त्रीजवळ जाऊन उभे राहिले. मिस्त्री विद्यार्थी नव्हता, त्यामुळे अट त्याला लागू नव्हती. पहिल्या वळणाला त्याच्या पाठीत एक बसला. दुसऱ्या वळणाला एक. विमान उतरायला खाली येऊ लागलं तशा सरांच्या मुठी थांबेचनात, आणि मिस्त्रीने ते सगळं दात आवळून, आकाशावरची नजर न हलवता घेतलं. चाकं टेकली, जरा उशिरा, एकदाच उसळली आणि मग पळू लागली.

भाची विमान उभं करून खाली उतरली. सर तिच्यापर्यंत धावत पोचले आणि त्यांचा हात तिच्या खांद्याकडे वर गेला. तो कशासाठी चालला होता हे बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं. भाचीने मनगट हवेतच पकडलं.

"तोंडाने सांगा," ती म्हणाली.

सरांनी हात सोडवायचा एकदा प्रयत्न केला. तो सुटला नाही. त्यांनी ओठावरून जीभ फिरवली.

"नाक उशिरा उचललंस."

"किती?"

सर गोंधळले. बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. विचारण्याआधीच उत्तर बसत असे. त्यांनी डोळे मिटून ते उतरणं पुन्हा एकदा मनात पाहिलं.

"दोन सेकंद," ते म्हणाले. भाचीने मनगट सोडलं नाही. ते अजून जरा विचार करून म्हणाले, "दीड."